ओवाळणीतली गाडी

भाऊबीजेला माझ्या धाकट्या भावाने ताटात मोटारीची किल्ली घातली आणि मी ती उचलून कपाळाला लावली. झालं ते एवढंच. नंतर जवळजवळ तीन महिने मी त्यावर विचार करत राहिले, चार जणींना विचारत राहिले, नवऱ्याचं डोकं खात राहिले. पण विचार करायची खरी वेळ किल्ली कपाळाला लावायच्या आधीची होती, आणि ती मी हाताच्या सवयीने घालवली.

आमच्याकडे रीतच तशी आहे. भाऊ ताटात जे घालील ते बहिणीने लगेच उचलायचं आणि कपाळाला लावायचं. ते ताटात तसंच पडून राहिलं तर भावाला कमीपणा येतो. किती आहे, काय आहे, हे सगळ्यांदेखत बघायचंही नाही. लहानपणी एकदा त्याने गोळीचा चंदेरी कागद घडी करून घातला होता, तोही मी कपाळाला लावला होता. पन्नाशी ओलांडलेल्या बाईचे हात अशा वेळी तिला विचारून थोडेच हलतात. सुपारी बाजूला सरकली, काहीतरी जड पडलं, मी ते उचललं, कपाळाला टेकवलं आणि मगच पाहिलं. काळी, कडेला झिजलेली किल्ली होती.

सगळे हसले. वहिनीने फोटो काढला. भाऊ पाटावरून उठून माझ्या पाया पडला आणि म्हणाला, "ताई, आता तुला मेमू लोकलची वाट बघत बसायला नको. आईकडे कधीही येता येईल. मी पण निश्चिंत झालो."

त्या शेवटच्या वाक्याला माझ्या मनात पाल चुकचुकली. आई तिथेच दाराशी खुर्चीवर बसली होती, हातात फराळाची बशी घेऊन. तिने काही ऐकलं की नाही ते तिच्या तोंडावरून कळलं नाही. आईच्या तोंडावरून कधीच काही कळत नाही.

भाऊ वाईट नाही. हे आधीच लिहून टाकते, कारण पुढे तो वाईट वाटत जाईल. तो ठाण्याला राहतो, त्याला नोकरी आहे, कर्ज आहे, दहावीतला मुलगा आहे, आणि त्याची पाठ दुखते. आई गावी, निडीला, एकटीच असते. वडील गेल्यापासून तिला ठाण्याला नेऊन झालं, ती तिथे दोन महिने राहिली आणि लिफ्टला घाबरून परत आली. माझ्याकडे पेणला ती येते, जेवते, पण राहत नाही. लेकीच्या घरी मुक्काम करायचा नाही, जावयाच्या अन्नावर राहायचं नाही, हे तिच्या डोक्यात इतकं पक्कं आहे की एकदा मुसळधार पावसात मेमू बंद पडली तेव्हाही ती स्टेशनच्या बाकावर बसून राहायला तयार होती. शिवाय तिचं अंगणापलीकडचं वालाचं वावर आहे. ते सोडून कुठे जायचं म्हटलं की तिचे गुडघे जास्त दुखायला लागतात.

तेव्हा आमची वाटणी अशी होती. दर शनिवारी माझं कारखान्यातलं काम लवकर सुटलं की मी मेमूने निडीला जायचं, भाजी, औषधं, किराणा बघायचा आणि संध्याकाळच्या मेमूने परतायचं. महिन्यातून एकदा भावाने ठाण्याहून गाडी घेऊन यायचं आणि आईला पनवेलला हृदयाच्या डॉक्टरांकडे न्यायचं. ही वाटणी कुणी बोलून केलेली नव्हती, पण ती चालत होती. त्याच्या त्या एका दिवसावर माझे बाकीचे सगळे दिवस उभे होते. कितीही दमले तरी मला माहीत असायचं, की एक दिवस असा आहे जो माझा नाही.

त्या भाऊबीजेला तो नव्या, उंच गाडीतून आला होता आणि जुनी त्याचा मेहुणा चालवत मागून आला होता. जुनी विकायला गेला तर शोरूमवाले जवळजवळ फुकटच मागत होते, मग परक्याच्या घशात घालण्यापेक्षा ताईला का नको, असं त्याने जेवताना सांगितलं. माझ्याकडे लायसन आहे हे त्याच्या बरोबर लक्षात होतं. पेणला नवीन असताना हौसेने ड्रायव्हिंग क्लास लावला होता, त्याला युग उलटून गेलं. मुदत संपली की मी ते लायसन नेमाने वाढवून आणायचे, का ते मलाही माहीत नाही. बायका काही दागिने नुसते डब्यात ठेवतात, तसं ते होतं. आणि पनवेलचे डॉक्टर आता आठवड्यातून एकदा पेणलाही बसतात, ही बातमीही त्यानेच मला दिली. पेणमध्ये राहते मी, आणि पेणची बातमी ठाण्याहून.

म्हणजे गाडी फुकट होती, आणि तिच्याबरोबर त्याचा तो एक दिवसही माझ्याकडे येणार होता. गाडी घ्यायची म्हणजे आई पूर्ण घ्यायची, एकटीने, शेवटपर्यंत. हे तिथे कुणीच बोललं नाही. बोलायचं कारणच नव्हतं, किल्ली माझ्या हातात होती.

निडीहून पेणला मी ती गाडी कशी आणली ते देवाला माहीत. भावाचा मेहुणा शेजारी बसला होता आणि दर थोड्या वेळाने नुसता "आरामात, आरामात" म्हणत होता. नागोठण्यानंतर हायवेला ट्रक लागले. वडखळला एकाने एवढा हॉर्न वाजवला की माझे हात स्टिअरिंगलाच चिकटले. रंगाने राखाडी, मागचं एक दार आतून उघडत नाही, एसी गाडी पळत असली तरच गार हवा देतो आणि आत कायम ओल्या टॉवेलचा वास. आमच्या आळीत ती शिरली तेव्हा माझी साडी पाठीला चिकटली होती. शेजारीण बाहेर येऊन म्हणाली, पेढे कुठे आहेत? मी घरातले बेसनाचे लाडू वाटले. फुकट मिळालेल्या गाडीचे लाडू वाटताना मला कसंतरीच झालं.

नवरा रोह्याच्या एका केमिकल कंपनीत आहे. त्याची शिफ्ट आठवड्याला बदलते. तो रात्रपाळीहून येतो तेव्हा मी निघालेली असते, आणि मी येते तेव्हा तो झोपलेला असतो. त्याला गाडी चालवता येत नाही आणि शिकायचंही नाही. त्याने संध्याकाळी उठून चहा घेतला, चपला घातल्या, गाडीला एक फेरी मारली, टायर पायाने दाबून बघितले आणि आत आला. मी विचारलं, काय वाटतं? तो म्हणाला, "गाडी फुकट हाय. ड्रायव्हर पन फुकटच हाय. मग तुझ्या भावाला महाग काय पडलं?" आणि भाकरीवर तूप मागितलं. माझा नवरा कमी बोलतो, पण बोलतो तेव्हा मला झोप येत नाही.

आठवड्याभरात भावाने गाडी माझ्या नावावर करायचे कागद पाठवले. जिथे सही करायची तिथे पेन्सिलीने फुल्या मारलेल्या होत्या. विमा संपायच्या आत नाव बदलून घे, असं त्याने फोनवर सांगितलं. मी बरं म्हटलं आणि कागद कपाटात साड्यांच्या घडीखाली ठेवले. सही केली नाही, म्हणून गाडी अजून त्याचीच आहे, आणि माझं अजून ठरायचंय, अशी मी माझी समजूत घातली. नाहीतरी समजूत घालायला माझ्याशिवाय होतं कोण.

पण आई तोपर्यंत माझ्या नावावर झाली होती. कागद न लागता.

आधी भावाचा फोन आला की तो विचारायचा, ताई, जमेल का गं तुला? आता तो विचारेनासा झाला. आईचे पाय सुजलेत, जरा जाऊन ये ना, गाडी आहेच. आईची गोळी बदलायचीय, गाडी आहेच. आईचा आवाज आज बरोबर वाटला नाही, बघून ये, गाडी आहेच. पेणच्या डॉक्टरांची तारीख घेतली ती मीच. सकाळी मी पेणहून निडीला गेले, आईला घेऊन पेणला आले, रांगेत बसले, जेवायला घरी नेलं. मग ती संध्याकाळ व्हायच्या आत घरी जायचं म्हणून दारात उभी राहिली, तिला निडीला सोडलं आणि अंधारात एकटी परत आले. एका रात्रीपुरती राहा गो आई, म्हटलं. ती म्हणाली, नाय, बरं दिसत नाय. जावई शिफ्टवर गेलेला होता, घरात आम्ही दोघीच होतो, तरी बरं दिसत नव्हतं.

त्या रात्री जिन्यात बसून मी चपला काढल्या आणि तिथेच बसून राहिले. वर चढायचं होतं, पण कुणी उचलून नेलं तर बरं, असं वाटत होतं.

आता दुसरी बाजू सांगते, नाहीतर मी नुसतीच रडते असं होईल. डिसेंबरात आईला रक्त तपासायला रोह्याला नेलं. रिपोर्टला वेळ होता. आई म्हणाली, खांबला जाऊया का गो? खांबला तिची धाकटी बहीण असते. मावशीचं कमरेचं हाड मोडल्यापासून ती घराबाहेर पडलेली नाही, आणि आईला मिनीडोअर रिक्षात चढता येत नाही. दोघी बहिणी गाडीने अर्ध्या तासाच्या अंतरावर राहून वर्षानुवर्षं फोनवर एकमेकींना "बरी हायस ना" विचारत होत्या. मी कोलाडवरून गाडी काढली आणि खांबला नेली. मावशी कॉटवर होती. आई तिच्या पायाशी बसली आणि दोघींनी एकमेकींच्या हातांकडे बघितलं, कोणाचे जास्त वाळलेत ते. मग त्यांनी दोन्ही सुनांना मनसोक्त शिव्या दिल्या, माझ्यादेखत, आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, तू ऐकू नको. मावशीने आईला कडवे वाल दिले. आईकडे पोतंभर वाल आहेत, तरी तिने ते पिशवीत घातले आणि पदराने डोळे पुसले. मी त्या दिवशी फार सुखात होते. परतताना आई शेजारी तोंड उघडं टाकून झोपली होती आणि मी गाडी हळू चालवत होते, उठू नये म्हणून.

आणि त्याच सुखाचा मला राग आला. खांबची ती एक फेरी गाडीच्या बाजूने इतकी जड झाली की मला पारडं परत फिरवताच येईना. गाडी परत केली तर आईला पुन्हा खांब दाखवणार कोण? आणि ठेवली तर हे सगळं असंच चालणार. मी दोन्ही बाजूंनी अडकले होते, आणि भाऊ ठाण्यात निश्चिंत होता.

मी पेणला गणपतीच्या कारखान्यात आखणीचं काम करते. मूर्तीचे डोळे आखायचे, भुवया आखायच्या, कपाळावरची रेघ काढायची. माघी गणपतीचं काम डिसेंबर-जानेवारीत अंगावर येतं. या कामाला ताजं डोकं लागतं. हात सवयीने चालतो, पण नजर चालत नाही. एक दिवस मी आखलेल्या मूर्तीचा एक डोळा भक्ताकडे बघत होता आणि दुसरा त्याच्या चपलांकडे. मालकांनी मूर्ती उचलली, भिंतीकडे तोंड करून ठेवली, आणि मला म्हणाले, तुम्ही आज घरी जाऊन झोपा. रागावले असते तर बरं झालं असतं. एवढ्या वर्षांत माझी मूर्ती भिंतीकडे तोंड करून कधी ठेवली नव्हती. मी घरी गेले आणि झोपले नाही. ठरवलं, गाडी परत करायची.

दुसऱ्या दिवशी डब्याच्या वेळी मी बायकांना तसं सांगितलं, तर सगळ्यांचे घास हातातच राहिले. गाडी विक म्हणाल्या, पडून राहू दे म्हणाल्या, नवऱ्याला शिकव म्हणाल्या. पण ओवाळणी परत करायची? माझ्या शेजारी मुकुट रंगवणारी खारपाटातली बाई आहे, मिठागरावर वाढलेली, जिभेला हाड नाही. तिने डबा बंद केला आणि मला विचारलं, "भाव जिता हाय ना तुजा? मग ओवालनी कशी परत देतीस गो?" ओवाळणी परत जाते ती भाऊ गेल्यावर, ताट रिकामं फिरतं तेव्हा. जित्या भावाला ओवाळणी परत करायची म्हणजे त्याच्या आयुष्याशी खेळ.

माझा यावर विश्वास नाही. हे मी तिला ठासून सांगितलं. पण भाऊ मला एकच आहे, आणि त्याची पाठ दुखते, आणि तो ठाण्याच्या ट्रॅफिकमध्ये रोज गाडी चालवतो. विश्वास नसलेल्या गोष्टीसुद्धा अशा वेळी हात धरून ठेवतात. दोन दिवस मी त्याला फोन करायचा म्हणून हातात घेतला आणि खाली ठेवला. मग ठरवलं, आधी आईला सांगायचं. तिच्या लेकाची ओवाळणी आहे, तिच्या घरात घातलेली आहे, आणि मुळात हे सगळं तिच्यावरूनच चाललंय, तर तिला कळायलाच हवं. खरं कारण वेगळं होतं. आई म्हणेल, दे परत बाय, माझ्यासाठी तू एवढी झिजू नको, असं मला वाटत होतं. ती असं म्हणाली की माझ्या जिवाला लागणार नव्हतं.

शनिवारी मी गाडी घेऊन निडीला गेले. आई ओटीवर सूप घेऊन वालाच्या शेंगा सोलत बसली होती. मी तिच्याजवळ बसले आणि शेंगा सोलायला लागले. मग मी सांगितलं, की मला झेपत नाही, कामावर नजर ठरत नाही, तेव्हा गाडी मी परत देणार आहे आणि महिन्याचं डॉक्टरचं त्याने पूर्वीसारखं बघावं. ओवाळणीचं मला काही वाटत नाही, असंही वर जोडलं.

आईने मान वर केली नाही. ती शेंगा सोलत राहिली.

"त्यानं ताटात गाडी नाय घातली गो," ती म्हणाली. "मला घातलं. मी तितंच बसलेली. मला दिसलं."

म्हणजे फराळाची बशी घेऊन बसलेल्या तिला सगळं कळलं होतं, आणि ती इतके दिवस माझ्याबरोबर गाडीतून हिंडत होती, रांगेत बसत होती, अंधार व्हायच्या आत घरी सोड म्हणत होती. मी म्हटलं, आई, असं काही नाही, तो तसा नाही. ती म्हणाली, तसा कुठे म्हणते मी, गुणाचा आहे. मग म्हणाली, "तू गाडी परत देशील, ती भंगारात जाईल. मी कुठं जाऊ, ते पन विचार त्याला."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. वालाला भाव काय आला, हे विचारावं तसं तिने विचारलं. मला रडू आलं असतं तर बरं, पण आलं ते चीड होऊन आलं, आणि चीड कुणावर काढायची ते एकच नाव माहीत होतं. मी तिथेच ओटीवर भावाला फोन लावला. तो सुट्टीमुळे घरीच होता, मागे टीव्ही चालू होता. मी त्याला सगळं सांगितलं. कागदांवर सही केलेली नाही, गाडी परत घेऊन जा, महिन्यातून एकदा तू यायचास तसा ये. आणि आईने जे विचारलं होतं ते जसंच्या तसं विचारलं, गाडी भंगारात जाईल, आई कुठे जाईल?

टीव्ही बंद झाल्याचं ऐकू आलं. मला वाटलं चिडेल, किंवा ताई काय बोलतेस असं म्हणून हसण्यावारी नेईल. चिडला असता तर मी सोडणार नव्हते, माझी पूर्ण तयारी होती.

"ताई, मला खरंच नाही गं जमत," तो म्हणाला. "आदल्या रात्रीपासून मला धडधडायला लागतं. ती गाडीत बसली की मला वाटतं, वाटेतच हिला काही झालं तर मी काय करू. मी तुला सांगू शकलो नाही, म्हणून गाडी दिली."

इतके दिवस मला तो मजेत दिसत होता, नव्या गाडीत, काचा वर करून. त्याची भीती खरी होती हे मला लगेच कळलं, कारण तीच भीती घेऊन मी वडखळचं वळण घेते. मग मीही खरं तेच बोलले. म्हटलं, "मला पण नाही रे जमत."

आम्ही दोघंही गप्प झालो. फोन कानाला तसाच होता. लहानपणी दोघांच्या हातून मिळून काहीतरी फुटलं की आम्ही असेच गप्प उभे राहायचो, कुणीतरी मोठं माणूस येऊन आता काय करायचं ते सांगेल म्हणून.

आईने सूप बाजूला सरकवलं. मांडीवरची सालं झटकली.

"दोघांना नाय जमत ना," ती म्हणाली. "मग मीच जमवते."

आणि ओटीच्या खांबाला धरून ती उठायला लागली. अर्धी उठली आणि गुडघा तिथेच राहिला. ती परत बसली, जरा दम घेतला, पदर खोचला, दोन्ही हातांनी खांब धरला आणि पुन्हा उठायला लागली. तेवढंही उठता आलं नाही. तिने माझ्याकडे बघितलं नाही. मी एका हातात फोन धरून दुसरा हात तिच्या काखेत घातला, आणि तिने सगळा भार माझ्यावर टाकला. ती किती हलकी झाली होती ते मला तेव्हा कळलं.

"ताई?" भाऊ तिकडून म्हणाला. "काय झालं?"

"काही नाही. आई उठत होती."

"उठली?"

"उठली."

मग अगदी हळू, विचारू का नको अशा आवाजात त्याने विचारलं, गाडी ठेवतेस ना?

"ठेवते," मी म्हटलं, आणि आईला धरून आत नेलं.